चालत बाहेर आलेला पोपट

मिठूच्या पिंजऱ्याचं दार एकदा उघडं राहिलं. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. सोलापूरजवळचं आमचं गाव, माळवदाचं घर, सोप्यात तुळईला टांगलेला तारेचा पिंजरा. दुपारी आजीनं पिंजरा खाली उतरवला, भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटीत घातली, तेवढ्यात दारातून कुणीतरी हाक मारली म्हणून ती उठली आणि कडी लावायची राहिली. मिठू दाराशी आला. मान तिरकी करून एका डोळ्यानं त्यानं बाहेर बघून घेतलं. मग चोचीनं दाराची तार धरली, एक पाय बाहेर टाकला, दुसरा टाकला आणि शहाबादी फरशीवरून चालू लागला. पोपटाचे पंजे आत वळलेले, त्यामुळे चाल डुलत डुलत, नुकतंच जेवण झालेल्या सावकारासारखी. तसाच तो उंबऱ्यापर्यंत गेला. बाहेर अंगणात ऊन होतं, कडुनिंब होता, त्या कडुनिंबावर त्याचेच भाऊबंद रोज संध्याकाळी कलकलाट करायचे. मिठू उंबऱ्यापाशी थोडा वेळ उभा राहिला आणि वळून परत आला. चोच रोवत, पाय उचलत पिंजऱ्यात चढला आणि डाळ खाऊ लागला.

आजी म्हणाली, "बघ की गं, मुक्या जिवाला किती माया लागलीय."

मिठू मुका मुळीच नव्हता. दिवसभर "आई, भाकर" म्हणून ओरडायचा. आणि त्याच्या पंखांची पिसं वाढली की काका कातरीनं ती छाटायचे, हे आजीला माहीत होतं, मलाही माहीत होतं. पण माया हे कारण सगळ्यांच्याच सोयीचं होतं.

हे सगळं इतकी वर्षं मनाच्या तळाशी पडून होतं. ते वर आलं 'रिओ' बघताना. 'रिओ' हा २०११ सालचा ॲनिमेशनपट. माझी नात मनू सहा वर्षांची. दिवाळीच्या सुट्टीत ती माझ्याकडे होती आणि तिनं तो आठवड्यात चारदा बघितला. लहान मुलं चित्रपट बघत नाहीत, पारायण करतात. पहिल्या खेपेला मी स्वयंपाकघरात ये-जा करत होते. दुसऱ्या खेपेला बसले. तिसऱ्या खेपेला ब्लू नावाचा तो निळा पोपट टेबलावरून खाली उतरताना दिसला, डुलत डुलत, आणि मला शहाबादी फरशी दिसली.

गोष्ट थोडक्यात अशी. ब्राझीलच्या जंगलात एक निळं मकावाचं पिल्लू पकडलं जातं. चोरटा माल अमेरिकेत मिनेसोटापर्यंत पोचतो, तिथे बर्फाळ रस्त्यावर ट्रकमधून खोका खाली पडतो आणि लिंडा नावाच्या मुलीला पिल्लू सापडतं. १५ वर्षं ब्लू तिच्या पुस्तकांच्या दुकानात लाडाकोडात वाढतो, हॉट चॉकलेट पितो, सगळं येतं त्याला, उडणं सोडून. मग टूलिओ नावाचा पक्षितज्ज्ञ येऊन सांगतो की हा या जातीचा शेवटचा नर, मादी रिओ दि जानेरोत आहे, जोडी जमवायला पाहिजे. लिंडा त्याला घेऊन रिओला जाते. मादीचं नाव ज्युवेल. ती रानची, तिला पिंजरा, माणूस, ब्लू, काहीच नको. त्याच रात्री दोघं चोरीला जातात, त्यांचे पाय एका साखळीनं बांधले जातात आणि पुढचा चित्रपट म्हणजे या बांधलेल्या जोडीची पळापळ.

दिग्दर्शक कार्लोस साल्दान्या स्वतः रिओत जन्मलेला. त्याच्या डोक्यात आधी रिओच्या किनाऱ्यावर वाहत आलेल्या पेंग्विनची गोष्ट होती, पण मधल्या काळात 'हॅपी फीट' आणि 'सर्फ्स अप' असे पेंग्विनचे चित्रपट येऊन गेले, म्हणून त्यानं पक्षी बदलला. गाव मात्र तेच ठेवलं. आणि गावाचं कौतुक करावं ते त्यानंच. कोर्कोवादो डोंगरावरचा हात पसरलेला ख्रिस्त, डोंगरउतारावर एकावर एक चढलेली फावेलांतली, म्हणजे तिथल्या झोपडपट्ट्यांतली घरं, सांता तेरेझाची पिवळी ट्राम, कार्निव्हलची रात्र. माहेरच्या गोष्टी सांगताना बाईचा आवाज बदलतो ना, तसा या चित्रपटाचा आवाज गावात शिरल्यावर बदलतो. जॉन पॉवेलचं संगीत आणि सर्जिओ मेंडिसची देखरेख, त्यामुळे सांबाचा ठेका उसना वाटत नाही. मनूला पोर्तुगीज कळत नाही, मलाही नाही; पण आम्हा दोघींचे पाय हलत होते.

मला मात्र गावापेक्षा ब्लू जास्त पटला. पक्ष्यांवरच्या चित्रपटांत उडणं फुकट मिळतं. पाखरू आहे ना, मग उडणारच. आकाश, ढग, वाद्यवृंद, झालं. इथे कथेचा नायकच उडायला घाबरतो, आणि चित्रपट त्याची टिंगल करता करता त्याची बाजूही घेतो. ब्लूला पुस्तकं वाचून हवेचा दाब, उचल, वेग सगळं पाठ आहे. अशी पोपटपंची आणि पंखात बळ नाही. पण त्याच्या भीतीत खोटं काही नाही. लिंडाचं घर त्याला खरोखरच आवडतं. ज्युवेल माणसांना शिव्या देते तेव्हा तो तोंड पाडून बसतो, कारण तिची माणसं म्हणजे पिंजऱ्यावाली, आणि त्याचं माणूस म्हणजे लिंडा. पिंजऱ्यात वाढलेल्याला पिंजरा गोड लागू शकतो, आणि तरी तो पिंजराच असतो: मुलांच्या चित्रपटात या दोन गोष्टी एकाच वेळी कुणी बोलतं का? इथे बोलल्या आहेत, तेही दोन पोपटांच्या भांडणात.

सगळ्यात चांगला प्रसंग साखळीचा. बांधलेल्या पायांनी पळायचं तर दोघांना एक ताल सांभाळावा लागतो, आतला पाय, बाहेरचा पाय, आतला, बाहेरचा. आधी पडतात, आपटतात, एकमेकांवर ओरडतात, मग जमतं. मनू सोफ्यावरून उतरून माझा पाय आपल्या पायाला ओढणीनं बांधायला लागली आणि आम्ही दोघी दिवाणखान्यात लंगडत फिरलो. माझा गुडघा नंतर दोन दिवस बोलत होता. पुढे एका लाळगाळ्या कुत्र्याच्या मदतीनं साखळी निघते. मला वाटलं, आता आनंद. ज्युवेल सुसाट वर जाते, गिरक्या घेते, खाली बघून हाक मारते. ब्लू जमिनीवरच. साखळी होती तोवर दोघं सारखे होते. साखळी गेली आणि एक आकाशात, एक धुळीत. तिथे त्यांचं जे भांडण होतं त्यात दोघांचंही चुकत नाही. ते दोन मिनिटं मनू हलली नाही.

आमच्या लहानपणी पाखरांचं कार्टून म्हणजे एकच. 'एक अनेक और एकता'. फिल्म्स डिव्हिजननं १९७४ साली काढलेलं, दिग्दर्शन विजया मुळे यांचं, चित्रं भीमसेन यांची. शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बघितलेलं. पारध्याच्या जाळ्यात अडकलेल्या चिमण्या एकजुटीनं जाळंच घेऊन उडतात, उंदीर ते कुरतडतात. मूळ गोष्ट पंचतंत्रातल्या कबुतरांची. त्या चिमण्यांना नावं नव्हती, कुणाला एकटीला भीती वाटत नव्हती, आणि जाळं गेल्यावर एखादी मागे राहिली का, हे कुणी विचारत नव्हतं. देशाला सांगायची गोष्ट होती ती, तिथे एका चिमणीची काय कथा. 'रिओ'ला त्या एका चिमणीशी कर्तव्य आहे, म्हणून तो मला मोठा वाटतो.

मग शेवट येतो आणि माझं आणि चित्रपटाचं बिनसतं.

चोरट्यांच्या विमानात ज्युवेलच्या पंखाला इजा होते, ती खाली पडते. उडता न येणारा ब्लू तिच्यामागे उडी मारतो. खाली समुद्र, वर आकाश, ती त्याचं चुंबन घेते, त्याचे पंख पसरतात, आणि तो उडतो. संगीत इतकं उंच जातं की डोळ्यांत पाणी येतंच. माझ्याही आलं, चारही वेळा आलं. पण डोळे पुसल्यावर हिशेब लागत नाही. तासभर जी पाखरी सगळ्यांहून सुसाट उडत होती, तिलाच जायबंदी करून तिच्या पडण्यावर याचं उडणं उभं केलं. मनूनं पहिल्याच खेपेला विचारलं, "ज्युवेलला तर येत होतं ना उडता?" येत होतं, बाई. आणि दुसरं असं, की टुकान पक्षी राफाएल ब्लूला आधीच सांगून ठेवतो, उडणं डोक्यातून नाही, काळजातून येतं. ऐकायला छान आहे. पण पिंजऱ्यातल्या पक्ष्याच्या छातीचे स्नायू न वापरल्यानं दुबळे होतात. ते कमवायला दिवसच्या दिवस लागतात. मिठूच्या काळजात काय कमी होतं? पिसं कमी होती. आजीचं "माया" आणि राफाएलचं "काळीज" हे दोन शब्द मला सख्खे भाऊ वाटतात.

किरकोळ तक्रारी पटकन सांगून टाकते. पंखांची पिसं बोटांसारखी वळवून वस्तू उचलणारे पक्षी मला बघवत नाहीत. खरा पोपट पायानं उचलतो आणि ते जास्त मजेदार दिसतं. मार्मोसेट माकडं उगाच चोर केली आहेत. खलनायक नायजेल हा काकाकुआ मात्र झकास जमलाय. हा एकेकाळचा टीव्हीवरचा तारा, त्याची जागा एका साध्या पॅराकीटनं घेतली म्हणून जगावर डूख धरून बसलेला. आपला हिरवा पोपट पॅराकीटांपैकीच. म्हणजे पोपटानंच त्याचा पोपट केला.

चौथ्या पारायणानंतर मनू म्हणाली, "आजी, मला ब्लू पाहिजे."

पक्ष्यांची चोरी वाईट, पिंजरा वाईट, असं दीड तास सांगणाऱ्या चित्रपटाचं हे फळ. सुरुवातीला मला हसू आलं, मग वाटलं, तिचं काय चुकलं? चित्रपटात चोरटे आहेत, दलाल आहेत, पोटासाठी चोरी करणारा फावेलातला अनाथ पोरगा फर्नांडो आहे, त्याच्या डोळ्यांतली लाजसुद्धा आहे. फक्त गिऱ्हाईक नाही. एवढे पिंजरे भरून पक्षी विमानात चढवले, ते कुणाच्या दिवाणखान्यासाठी? जो पक्षी पाळते ती लिंडा, आणि तिनं तर विकत घेतला नाही. ट्रकमधून खोका पडला. हा खोका पटकथेचा सगळ्यात हुशार आणि सगळ्यात लबाड तुकडा आहे. त्यानं पाळणाऱ्याचे हात धुतले. आमचा मिठूही "सापडला" होता, असंच घरात सांगायचे. आठवडी बाजारातून काकांनी पिशवीत आणलेला मला आठवतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्या रानातले पोपट पाळणं गुन्हा आहे, तरी कुठल्या गल्लीत बाल्कनीला हिरवा पिंजरा टांगलेला नाही ते सांगा. सगळेच सापडलेले.

मनूला म्हटलं, ब्लू विकत मिळत नाही. तिनं विचारलं, "मग खरा ब्लू राहतो कुठे?"

खरा ब्लू म्हणजे स्पिक्स मकाव. बव्हेरियाचे निसर्गशास्त्रज्ञ योहान बाप्टिस्ट फोन स्पिक्स यांनी १८१९ साली ब्राझीलच्या ईशान्येला, साओ फ्रान्सिस्को नदीच्या परिसरात याला टिपलं, म्हणजे बंदुकीनं टिपलं. ब्राझीलची माणसं त्याला अरारिन्या-आझुल म्हणतात, धाकटा निळा मकाव. पडद्यावर तो निळीच्या डब्यात बुडवून काढल्यासारखा आहे. खरा पक्षी राखेची झाक असलेला, डोकं करडं, तसा शांत रंगाचा. आणि त्याचं गाव रिओ नाही. रिओपासून दीड हजार किलोमीटरहून जास्त उत्तरेला, बाईया राज्यातल्या कुरासा गावाच्या आसपासचा ओसाड मुलूख. त्या रानाला काटिंगा म्हणतात. तुपी या आदिवासी भाषेत अर्थ होतो पांढरं रान. वर्षाचे बरेच महिने पाऊस नाही, झाडांची पानं गळून जातात, उरतात पांढुरके बुंधे, काटे, निवडुंग. पावसाळ्यापुरते वाहणारे ओढे, त्यांच्या काठानं काराइबेइराची उंच झाडं, आणि त्या झाडांच्या ढोलीत या पक्ष्याची घरटी. शेळ्यामेंढ्यांनी रोपं खाल्ली, माणसांनी झाडं तोडली, चोरट्यांनी पिल्लं काढली.

हे मी मनूला सांगत होते आणि सांगता सांगता मला कळलं की मी आमच्या माळाचं वर्णन करतेय. आमच्या गावापासून जवळच नान्नजचं माळढोक अभयारण्य, १९७९ सालचं. कुसळी गवत, खडकाळ जमीन, एखादी बाभळ, बोर. पुण्याहून कुणी पाहुणे आले की वडील हौसेनं माळ दाखवायला न्यायचे आणि पाहुणे विचारायचे, "जंगल कुठून सुरू होतं?" सरकारी कागदावरही माळ म्हणजे पडीक. माळढोक मी लहानपणी एकदा पाहिला, लांबून, गवतातून मान वर काढून उभा, पहारेकऱ्यासारखा. आता सोलापूरच्या माळावर एखादा दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. साल्दान्याच्या चित्रकारांनी रिओभोवतीचं ओलं, गर्द, वेलींनी लगडलेलं रान काढलं, कारण जंगल म्हटलं की मुलांना तेच कळतं. आणि मुलांना तेच कळतं कारण तेच काढतात. ट्रकमधल्या खोक्याची लबाडी मी एक वेळ सोडून देईन, ही नाही सोडवत. पक्ष्याला नायक केलं आणि त्याचं रान गाळून टाकलं. वर २०१४ साली 'रिओ २' आला, त्यात तर ॲमेझॉनमध्ये निळ्या मकावांचा सबंध थवा सापडतो, ज्युवेलचा बाप त्यांचा म्होरक्या. तेव्हा रानात हा पक्षी एकही उरलेला नव्हता.

खऱ्या रानातली खरी गोष्ट पटकथेपेक्षा कितीतरी दमदार होती हो. १९९० साली शोध घेतला तेव्हा सगळ्या काटिंगात एकच पक्षी सापडला. नर. एकटा, पण एकाकी नाही: त्यानं दुसऱ्या जातीच्या मादीशी संसार मांडला होता. ती हिरव्या अंगाची, निळसर पंखांची, जवळच्याच पण वेगळ्या जातीची मकाव. तिला ब्राझीलमध्ये मराकाना म्हणतात. (रिओतलं जगप्रसिद्ध फुटबॉलचं मैदान मराकाना, त्याला ज्या नदीचं नाव मिळालं तिला या गोतावळ्यातल्या पोपटांचंच नाव आहे. म्हणजे चित्रपटाच्या गावात तिच्या नावाचं एवढं मोठं मैदान, आणि चित्रपटात ती नाही.) मग माणसांनी स्थळ आणलं. १९९५ साली पिंजऱ्यात वाढवलेली त्याच्या जातीची एक मादी तिथे सोडली. ती रुळू लागली, दोघं बरोबर दिसू लागले, सगळ्यांनी श्वास रोखून धरले. काही आठवड्यांत ती नाहीशी झाली. विजेच्या तारेला धडकून मेली, असं पुढे कळलं. नर आपल्या मराकानाकडे परत गेला. २००० सालच्या ऑक्टोबरात तो शेवटचा दिसला, आणि २०१९ साली निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय यादीत लिहिलं गेलं, रानातून नामशेष.

विजेच्या तारेशी मी अडखळले. आमचे माळढोकही तारांनीच मरतात. मोठं जड अंग, समोरचं नीट दिसत नाही, उडताना नजर खाली जमिनीवर; तार दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पण हे मी मनूला नाही सांगितलं. तिला एवढंच सांगितलं की त्या पोपटाला एक मैत्रीण होती, हिरवी.

"ब्लूला वाचवलं का मग?"

त्याचंही उत्तर आहे. कोलोरॅडोत एका घरी प्रेस्ली नावाचा असा एक पोपट पाळलेला होता, हे २००२ साली उघड झालं आणि त्याला ब्राझीलला परत नेलं. चित्रपटातला ब्लू त्याच्यावरूनच सुचला असं म्हणतात. प्रेस्लीला संसार काही साधला नाही, २०१४ साली तो गेला. पण जगभरच्या पिंजऱ्यांत, कतारच्या एका शेखाच्या संग्रहात, जर्मनीतल्या एका संस्थेत, हे पक्षी तगून होते, वाढत होते. २०२० साली जर्मनीहून ५२ पक्षी ब्राझीलला पोचले. (२०२३ साली त्याच संस्थेकडचे २६ आपल्या गुजरातेत, जामनगरच्या खासगी प्राणिसंग्रहात आले, आणि त्यावरून ब्राझीलनं नाराजीही दाखवली. रानाकडे निघालेली वाट जामनगरवरून जाते का, असं मलाही नकाशा बघून वाटलं.) कुरासात त्यांना भल्यामोठ्या जाळीच्या घरात ठेवलं, पंखांत बळ यायला वेळ दिला आणि २०२२च्या जूनमध्ये ८ जणांना रानात सोडलं. सोडलेले सगळे जगले नाहीत, पण रानात पिल्लंही जन्मली.

आणि त्या आठ जणांबरोबर सोडले कोण, तर मराकाना. रानात जन्मलेले, तिथलं पाणी, फळं, ससाण्याची सावली ओळखणारे हिरवे पोपट. यांनी दाखवायचं, त्यांनी शिकायचं, म्हणून. हे वाचलं तेव्हा मला राफाएल आठवला. काळजाच्या गप्पा मारतो, पण शेवटी तोच ब्लूला डोंगरकड्यावर घेऊन जातो, वाऱ्यात उभा करतो, पडल्यावर परत उभा करतो. परक्या जातीच्या शेजाऱ्यानं पिंजऱ्यातल्याला रान शिकवायचं, हे पटकथा लिहिणाऱ्यांना कुठून सुचलं कोण जाणे, पण पुढे अकरा वर्षांनी काटिंगात तेच करावं लागलं. चुंबनाच्या आधीचा चित्रपट खरा निघाला. मी मनातल्या मनात साल्दान्याला थोडे गुण परत दिले.

मिठूला असा शेजारी मिळाला असता तर? कडुनिंबावर होते की शंभर. पण त्यांच्यापर्यंत जायला आधी काकांची कातर हरवायला हवी होती. एकदा मी ती लपवलीही होती, कणगीमागे. दोन दिवसांत सापडली.

गेल्या मार्चमध्ये मनूला शाळेतून आणताना आम्ही नेहमीच्या वळणावर थांबलो. पुण्यात रस्त्याकडेला टॅबेबुयाची झाडं लावलेली आहेत. वर्षभर कुणी त्यांच्याकडे बघत नाही, आणि एके दिवशी पानं नसलेलं झाड पिवळ्याधमक फुलांनी लखलखतं. यातलं करड्या पानांचं, वेड्यावाकड्या खोडाचं जे झाड आहे, तेच ते काराइबेइरा. दक्षिण अमेरिकेतून आपल्याकडे शोभेसाठी आणलेलं. मी मनूला म्हटलं, "ज्या झाडाच्या ढोलीत खरा ब्लू घरटं करतो ना, ते हे झाड." तिनं माझ्याकडे संशयानं बघितलं. मग वर बघितलं, फांदी न् फांदी. खोडात ढोली आहे का ते वाकून तपासलं. नव्हती.

वर दोन पोपट होते, आपले हिरवे, गळ्याला गुलाबी कंठ. फुलं खुडायची, देठाशी चावायची आणि खाली टाकायची, असा त्यांचा उद्योग चालला होता. फुटपाथवर पिवळा सडा पडला होता. एक पोपट फांदीच्या टोकाकडे निघाला. चोचीनं डहाळी धरली, एक पाय पुढे, दुसरा पाय पुढे, पुन्हा चोच. डुलत डुलत.

"आजी, हा तर चालतोय," मनू म्हणाली. "याला उडता येतं का?"

"बघू," मी म्हटलं. तिचं दप्तर खाली ठेवलं, आणि आम्ही दोघी माना वर करून उभ्या राहिलो.